घड्याळ तपासा

तारामुंबरीच्या मच्छीमार सोसायटीत
बर्फाच्या पावत्या आणि डिझेलचा कोटा यांच्यामध्ये
एक संगणक बसतो, बंद पडलेल्या शाळेतून आलेला.
त्यात मोकळी, फुकटची सिस्टीम मीच घातली;
दुसरी कुठली त्याला झेपत नव्हती.

रात्री हिशेब मिटवून
भरती-ओहोटीचा प्रोग्राम बांधायला घेतला.
कुणीतरी लिहिलेला, कुणालाही उघडा.
फळ्या येतात, होडी आपली आपण ठोकायची.

पहिल्याच पायरीवर तो म्हणाला:
आत्ता तयार केलेली फाईल
जुन्या फायलींपेक्षा जुनी आहे.
घड्याळ तपासा.

परत वाचलं.
पोर आईच्या आधी जन्मलं
अशी तक्रार मी कुठल्याच दप्तरात वाचली नव्हती.
तारीख विचारली. एक जानेवारी, दोन हजार तीन.
आतला सेल खाऱ्या हवेनं खाल्लेला,
हिरवा, खडकावरच्या कालवासारखा चिकटलेला.

त्याच्या लेखी या फायली
अजून लिहिल्याच गेल्या नव्हत्या,
मी नववीत होते,
आणि सदबा कोयंड्यांचे गुडघे शाबूत होते.

देवगडात तिरलोटकरांच्या दुकानात सेल मिळाला, चाळीस रुपये.
दुसऱ्या रात्री घड्याळ आजचं
आणि चुका दोनशे सतरा.
सुंगटांसारख्या उडत उडत पडद्याबाहेर गेल्या.
शेवटची हातात सापडली ती धरून
तासभर झगडले.

मग आठवलं, जाळं गुंतलं की सदबा
समोरची गाठ कधी ओढत नाही.
हात मागे मागे नेतो,
जिथं पहिला दोरा चुकला तिथवर.
वर गेले. अगदी वर, एक साधी ओळ:
एक हेडर सापडत नाही.
ते आणून बसवलं,
तर दोनशे सोळा जणी आपसूक गप्प.

उरली एक.
कोसाइन कोण, मला माहीत नाही, म्हणे.
भरतीचा प्रोग्राम, आणि कोसाइन माहीत नाही!
पाणी म्हणजे दुसरं काय,
चंद्राचा एक, सूर्याचा एक,
असे तीसेक कोसाइन एकमेकांच्या खांद्यावर.

गणिताची लायब्ररी होती की जागेवर.
नावही घेतलं होतं तिचं, पण ओळीत फार आधी.
जोडणारा डावीकडून उजवीकडे चालतो
आणि मागे वळून बघत नाही.
मागणारा आधी उभा हवा, देणारा त्याच्या नंतर.
गिऱ्हाईक यायच्या आत टोपली फिरवली
तर जेटीवर बोली कोण लावणार?
उणे-एल-एम उचललं, शेवटी ठेवलं.

काही झालं नाही.
शाबासकी नाही, एक अक्षर नाही,
नुसता कर्सर, लुकलुकता.
या घराण्यात न बोलणं म्हणजेच काम झालं.
माझे सासरेही असेच.

सकाळी बर्फाच्या खोलीच्या दारावर कागद लावला:
ओहोटी, सहा बावन्न.
सदबानं कागद लांब धरून वाचला, मग खाडीकडे पाहिलं.
"सात वाजान धा," म्हणाला.
"खाडीचा पाणी दर्याक इचारून भायर पडता."

सात वाजून दहा झाले तेव्हा पाणी थांबलं.

प्रोग्रामला जवळचं बंदर ठाऊक ते रत्नागिरी.
आमची खाडी त्यात नाही.
पण फाईल उघडी आहे, एक ओळ घालता येते.
आठ दिवस झाले, जेटीच्या पायरीवर
मी खडूनं खुणा करते.
कधी अठरा मिनिटं, कधी एकवीस,
काल वारा पडलेला तेव्हा पंधरा.
येणारे-जाणारे विचारतात, पोरांचा खेळ काय?

ओळ अजून लिहिलेली नाही.
सदबा म्हणतो, अवस जावंदे,
मगे लिव.